हवा काढण्याआधी हवाच आहे का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2011 ची छोटी पेट्रोल गाडी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या डाव्या चाकात ब्रेकचं तेल झिरपत होतं म्हणून गोव्यातल्या साखळी गावच्या या गृहस्थांनी घरच्या अंगणातच व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणारा भाग) बदलला आणि भावाला ब्रेक पेडलवर बसवून तेलाच्या लाइनमधली हवा काढली. अर्ध्या लिटरचा डबा संपला, नळीतून बुडबुडे यायचे थांबले, तरी पेडल पहिल्या दाबीला खाली जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबीला वर येतं. रविवारी आईवडिलांना घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचं आहे. अजून किती वेळा हवा काढू, असं ते विचारतात.

आता निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, हात लावू नका. आधी हँडब्रेक ओढा.

गाडी सपाटीवर, इंजिन बंद. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढा आणि मग ब्रेक पेडल दाबा. पहिल्याच दाबीला ते वर आणि घट्ट थांबलं, तर दोष तेलात नाही, मागच्या ड्रममध्ये आहे. व्हील सिलिंडर बदलताना तुम्ही ड्रम काढला, शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) उतरवले, ड्रम पुन्हा आत बसावा म्हणून अॅडजस्टर (शूची फट ठरवणारा स्क्रू) आत घेतला. आता शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त आहे. एका दाबीत जेवढं तेल सरकतं ते शू ड्रमला टेकेपर्यंतच संपतं. स्प्रिंगनी शू मागे ओढण्याआधी दुसरी दाब पडली की उरलेलं अंतर भरतं आणि पेडल वर येतं. तुम्ही सांगितलेलं लक्षण नेमकं हेच आहे, म्हणून माझा पहिला संशय फटीवर आहे. अर्धा लिटर तेल गेलं आणि बुडबुडे थांबले, यानंतरही हवा काढत राहणं म्हणजे नव्या तेलाची नासाडी.

ड्रम अॅडजस्ट करताना हँडब्रेकची केबल ढिली असली पाहिजे, नाहीतर शू अर्धवट उघडे राहून तुमची फसगत होते. चाक हाताने फिरवल्यावर शू हलकेच घासल्याचा आवाज यावा, चाक अडता कामा नये. दोन्ही बाजू सारख्या करा. एकाच चाकाचं काम केलं म्हणून दुसरं बघायचं नाही, असं मागच्या ब्रेकमध्ये चालत नाही. डावं-उजवं वेगळं लागलं तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सरकते. साखळी-डिचोलीकडच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. खाणीची लाल धूळ ड्रममध्ये जाऊन अॅडजस्टरच्या आट्यांत बसते आणि सेल्फ अॅडजस्टर नावापुरता उरतो. तो सोडवा, साफ करा. ती धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसा.

हँडब्रेक ओढूनही पेडल खालीच गेलं तर मग पायाला काय जाणवतं ते नीट बघा. तीन-चार दाबींनंतर पेडल वर येतं, पण तिथेही स्पंजासारखं दबत राहतं, तर हवा आहे. वर येऊन घट्ट थांबतं, तर फट. पाय दाबून धरल्यावर सावकाश खाली बसत जातं, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने तेल पुढे ढकलणाऱ्या भागाचे) आतले रबरी वॉशर गेले आहेत किंवा कुठेतरी बाहेर गळती आहे, आणि ते हवा काढून बरं होणार नाही. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, तर व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याची नळी बघा. गाडी जुनी असेल तर चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे होजही आतून सैल पडून दाबाखाली फुगतात. भावाला पेडल जोरात दाबायला लावून पुढच्या होजला हात लावलात तर ते फुगणं बोटांना कळतं.

हवेची खात्री करायची आणखी एक पद्धत गॅरेजमध्ये वापरतात. रिझर्व्हायरचं, म्हणजे बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून वर फडकं धरायचं, पेडल पंधरा-वीस वेळा दाबून धरायचं आणि पटकन सोडायचं. आत हवा दबलेली असेल तर ती फुलते आणि तेल टाकीत उसळी मारून वर येतं. तोंड लांब ठेवा, डोळ्याला चष्मा लावा.

थोडीशी हवा एवढा गोंधळ का घालते? उदाहरण म्हणून 20 मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलिंडर घ्या. त्याचा पिस्टन 30 मिलिमीटर सरकला तरी साडेनऊ मिलिलिटरच्या आतच तेल पुढे जातं. चार चाकांना मिळून तेवढंच. ब्रेक ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. चहाच्या एका चमच्याइतकी, म्हणजे 5 मिलिलिटर हवा आत राहिली तर पायाची निम्म्याहून जास्त दाब ती हवा दाबण्यातच जाते, आणि डिस्कला चिमटणाऱ्या पॅडपर्यंत पोचायला उरतं ते थोडकं.

आणि हवा आपोआप शिरत नाही. एक तर तुम्ही लाइन उघडलीत, किंवा रिझर्व्हायर रिकामा होऊ दिलात, किंवा कुठेतरी गळती आहे, किंवा तेल उकळून वाफ झाली. तुमच्या बाबतीत कारण उघड आहे, पण काहीही न उघडता पेडल मऊ पडलं असेल तर आधी गळती शोधा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने जरा उचला. आत ओल दिसली तर तो सिलिंडर गेला. हे न बघता जो फक्त हवा काढून देतो, त्याच्याकडे गाडी महिन्याभरात परत जाते.

आता समजा हवाच आहे. कामाला लागण्याआधी जागा बघा. गोव्यातल्या घरांत अंगणाला उतार असतो आणि कोपऱ्यात चिऱ्यांची (जांभ्या दगडांची) रास असते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली चिरे लावलेले मी खूप बघितले. चिरा भिंतीत भार सोसतो, पण एका ठिकाणी लोखंडाचा भार आला की सांगून-सवरून फुटत नाही. नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यावर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. दोन चांगले स्टँड विकत घ्या नाहीतर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणा. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. हँडब्रेकवर विसंबू नका, कारण ड्रमचं काम करताना तो सोडलेलाच असतो.

मग चारही निपल सुटतात का ते बघा, तेल ओतण्याआधी. आपल्याकडे हे काम हवा काढण्यापेक्षा मोठं असतं. कळंगुट, मांद्रे, हरमल पट्ट्यातल्या गाड्यांचे निपल खाऱ्या वाऱ्याने असे गंजतात की पान्याला पकडायला कोपरेच उरत नाहीत. आदल्या रात्री वायर ब्रशने घासून डब्ल्यूडी-40 (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवा. सकाळी निपलच्या बुडाशी हातोडीने हलके ठोके द्या. सहा कोनी सॉकेट किंवा रिंग पाना वापरा, उघडा पाना नको. निपल बहुतेक 8 किंवा 10 मिलिमीटरचे असतात. आधी केसभर आवळून बघा, मग सोडा. गंज मोडायला तो उलटा झटका उपयोगी पडतो. तरी हलत नसेल तर जोर करू नका. निपल आत पोकळ असतो, तो मुळाशी तुटतो आणि मग कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) काढून लेथवाल्याकडे न्यावा लागतो. नवे निपल स्वस्त मिळतात, गंजलेला सुटला की बदलूनच टाका. वरचं रबरी टोपण हरवलं असेल तर तेही आणा. ते नसल्यामुळेच पावसाचं पाणी आत राहून पुढच्या खेपेला निपल अडकतो.

तेल कोणतं हे रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट 3 किंवा डॉट 4. डॉट 3 लिहिलं असेल तिथे डॉट 4 चालतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही, डॉट 5.1 हे वेगळं, ते डॉट 4 च्याच जातीचं. सीलबंद डबा घ्या. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून बाटलीत काढून दिलेलं नको. हे तेल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट 3 कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचं तेल दोन-तीन वर्षं बदललेलं नसेल, तर हे आकडे नुसते पुस्तकातले राहत नाहीत. बेळगावहून येताना चोर्ला उतरून केरीकडे अंजुण्याचं धरण दिसायला लागतं, तोवर काही जण पाय ब्रेकवरून उचलतच नाहीत. पॅड तापतात, कॅलिपर तापतो, तेलातलं पाणी उकळतं आणि पेडल एकदम पोकळ होतं. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठीक. लोकांना वाटतं ब्रेक आपोआप सुधारला.

एक ताकीद, कारण असं होताना दिसतं: रिझर्व्हायरमध्ये इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल, रॉकेल, यांपैकी थेंबभरही जाता कामा नये. ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं आणि मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागतं. साफसफाई ब्रेक क्लीनरने किंवा नव्या ब्रेक ऑइलनेच करा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं, आणि रंग खातं.

तयारीला आणखी लागतं ते निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली आणि पेडलवर बसणारा शहाणा माणूस. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. रिझर्व्हायरमधलं जुनं काळपट तेल सिरिंजने काढून घ्या, तळ उघडा पडू देऊ नका, वर नवं तेल भरा. बाटलीत दोन बोटं नवं तेल घालून नळीचं टोक त्यात बुडवा.

इंजिन बंद. भाऊ पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबतो आणि दाबून धरतो. धरल्यावर मोठ्याने म्हणतो, "दाबलं." तुम्ही निपल पाव फेरा सोडता. तेल येतं, पेडल खाली जातं. ते खाली जात असतानाच निपल बंद. मग तुम्ही म्हणता, "सोड." तुमचा आवाज ऐकल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. घरी केलेल्या कामात पेडल मऊ राहतं त्याचं सर्वांत मोठं कारण हेच: निपल उघडा असताना पाय उचलला जातो आणि काढलेली हवा आट्यांतून परत आत जाते. फोन आला, शेजारी विचारायला आले, मांजर आडवं गेलं, काहीही असो, हे दोन शब्द चुकवायचे नाहीत. दोन दाबींच्या मध्ये चार-पाच सेकंद थांबा. धडाधड पंप मारला तर मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो, आणि फेस बाहेर काढायला दुप्पट वेळ लागतो.

पेडल जमिनीला टेकू देऊ नका. खाली लाकडाचा एक तुकडा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाच्या भागात गंज आणि गाळ साठलेला असतो. वॉशर त्यावरून घासले की दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गळतो आणि दोष हवा काढणाऱ्यावर येतो.

दर पाच-सहा दाबींनी रिझर्व्हायर बघा. किमान खुणेखाली गेला तर सुरुवातीपासून सगळं पुन्हा. आणि पाऊस पडत असताना झाकण उघडं ठेवून चहाला जाऊ नका.

क्रम? आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे मास्टर सिलिंडरही बहुतेक उजवीकडे. साधारण नियम लांबून जवळ असा आहे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या जोडलेल्या असतात, म्हणजे मागचं डावं आणि पुढचं उजवं एका सर्किटवर. तिथे पुस्तिका वेगळा क्रम देऊ शकते, आणि पुस्तिका सांगेल तोच पाळायचा. तुम्ही फक्त मागची डावी लाइन उघडली होती आणि रिझर्व्हायर रिकामा झाला नव्हता, तर तेवढं एक चाकही पुरतं. माझं मत विचाराल तर डबा उघडलाच आहे तर चारही चाकांचं जुनं तेल काढून टाका. नळीतून बुडबुड्यांशिवाय, फिकट पिवळं, स्वच्छ तेल येईपर्यंत.

डिस्कच्या चाकावर काम करताना कॅलिपरवर पान्याच्या मुठीने हलके ठोके द्या, कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटतात. निपल शेवटी आवळताना जोर नको. साधारण 7 ते 10 न्यूटन-मीटर पुरतो; मनगटाने आवळा, खांद्याने नाही.

सगळं नीट करूनही मऊपणा राहिला तर काही ठरावीक जागा आहेत. कॅलिपर बदलला असेल तर आधी निपल कुठे आहे बघा. तो कॅलिपरच्या वरच्या टोकाला असला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर आलटून-पालटून बसला तर निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि दोन डबे ओतले तरी निघत नाही. चांगले कामगारही यात तासन्‌तास घालवतात, आणि दोष दिसतो तो फक्त उभं राहून लांबून बघितल्यावर. काही व्हॅन आणि जीपसारख्या गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. अॅक्सल हवेत लोंबत असेल तर तो मागचा दाब अडवतो. तिथे स्टँड चासीखाली न लावता अॅक्सलखाली लावा. रिझर्व्हायर रिकामा झाला असेल तर हवा मास्टर सिलिंडरमध्येच बसते. खाली चाकांवर कितीही तेल काढा, उपयोग नाही. त्याच्याच लाइनचे नट फडकं धरून एकेक किंचित सोडायचे, त्याच "दाबलं–सोड" रीतीने.

मदतीला कोणी नसेल तर निपल उघडून, नळी तेलात बुडवून, तेल स्वतःच्या वजनाने गळू द्या. वेळ लागतो, पण एकट्या माणसाला ही सर्वांत सुरक्षित पद्धत. फक्त टाकीवर नजर हवी. हाताचा व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे दिसतच राहतात. ते खरे नसतात. सीटला काठी लावून रात्रभर पेडल दाबून ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. सकाळी पेडल थोडं घट्ट लागतं हे खरं, पण मी त्याला हवा काढणं म्हणत नाही. शिवाय ब्रेक लाइट रात्रभर पेटून सकाळी बॅटरी उतरलेली असते.

एबीएस असलेल्या गाडीत चाकाजवळची हवा याच रीतीने निघते. पण टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये गेली तर त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवावे लागतात. तिथे घरच्या कामाची हद्द संपते. पेडल मऊ असताना गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा.

झाल्यावर तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग दाबून अर्धा मिनिट धरा. ते खाली सरकता कामा नये. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाऊन थांबेल; ते बूस्टरचं काम आहे, त्याला घाबरून पुन्हा निपल सोडू नका. नंतर गावच्या मैदानात ताशी 10-15 किलोमीटरने दोन-चारदा थांबवून बघा, मग मोकळ्या रस्त्यावर 40 ने. गाडी एका बाजूला ओढली तर ड्रमची फट पुन्हा बघा.

चोर्ल्याबद्दल. शनिवारपर्यंत पेडल पहिल्याच दाबीला वर आणि घट्ट येत असेल, आणि दोन दिवस रोजच्या रस्त्यावर तसंच राहिलं असेल, तर जा. नसेल तर कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस आहे. परतीला उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच या. मागून हॉर्न वाजले तर वाजू देत.

पुढचा आठवडाभर सकाळी दोन गोष्टी बघा: रिझर्व्हायरची पातळी आणि मागच्या डाव्या टायरची आतली बाजू. पातळी केसभर जरी उतरली किंवा टायरवर ओल दिसली तर नव्या सिलिंडरचा लाइन नट बहुधा नीट बसलेला नाही. काढलेलं जुनं तेल विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. ते विषारी आहे. झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजला जाल तेव्हा तिथे द्या. डब्यात उरलेलं नवं तेलही पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.